कडं शाबूत राहिलं

माझा उजवा हात कोपराखाली नाही. हे मी डाव्या हातानं लिहिते आहे, त्यामुळे अक्षर वेडंवाकडं येतं. वडील आष्ट्याला शाळेत मास्तर होते, त्यांनी बघितलं असतं तर पाटीच फेकून दिली असती.

गेल्या हंगामात शेजारच्या गावची एक बाई विचारत विचारत माझ्या दारात आली. तिच्या लेकीचा हात चरकात सापडला होता. "आता फुडं काय व्हतंय?" एवढंच ती विचारत होती. मला धड काही सांगता आलं नाही. नुसती चिडले आणि मग तिच्याबरोबर रडत बसले. ती गेल्यावर लाज वाटली, म्हणून लिहायला बसले. वैद्यकातलं मला ओ की ठो कळत नाही. पण दवाखान्याच्या दारात माणसाचं काय होतं, ते मला चांगलं माहीत आहे.

कडं

लढाई चालू होती आणि आमचे मालक पलटणीत होते. ते निघाले तेव्हा आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, औंधला जाऊन आल्या. यमाई देवीच्या पायाशी ठेवून त्यांनी दोन वस्तू आणल्या, एक ताईत आणि एक चांदीचं कडं. ताईत लेकाच्या गळ्यात बांधला. कडं माझ्या उजव्या हातात घातलं आणि मनगटाला ओली चिंधी गुंडाळून सोनाराकडून त्याचा सांधा हातातच पक्का करून घेतला. लेक घरी येईपर्यंत दोन्ही निघायचं नाही, असा नवस. निघालं तर काय, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण घरात सगळ्यांना कळलं होतं.

खोटं कशाला बोलू, मलाही ते कडं आवडलं होतं. नवरा समुद्रापलीकडे, पत्र आलं तर आलं. भाकरी थापताना ते मनगटाला रुतायचं तेव्हा त्यांची आठवण व्हायची.

चरक

त्या साली माणसांची फार वानवा होती. निम्मे तरणे गडी पलटणीत गेलेले, उरलेल्यांतले काही बेचाळीसच्या चळवळीपायी पोलिसांच्या धास्तीनं उसाच्या फडात दडलेले. गुऱ्हाळ तर थांबवता येत नाही, तुटलेला ऊस वाळतो. म्हणून चरकावर मी बसले. काम दिसायला सोपं आहे. आडव्या दांड्याला जुंपलेले बैल गोल फिरतात, मधल्या लोखंडी लाटा, म्हणजे उभे रूळ, फिरतात, आणि लाटांसमोर बसून आपण ऊस सारत राहायचं.

आमचे बैल मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, हाळीवर शिकवलेले होते. चाबूक नाही, पराणी नाही. मोठ्यानं हाळी दिली की ते उचल खायचे. गावात मामंजींना त्याचा कोण अभिमान. "माझ्या बैलांच्या पाठीवर वळ दावा," म्हणायचे.

उसाचं एक पेर वाकडं गेलं. ते सरळ करायला मी बोटं पुढं केली आणि लाटांनी ती धरली.

मी किंचाळले. बैलांना वाटलं हाळी आली, त्यांनी उचल खाल्ली. मी आणखी मोठ्यानं किंचाळले, ते आणखी जोरानं ओढू लागले. करंगळीकडची बोटं गेली, मग तळव्याची ती बाजू. हाड मोडल्याचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला. मामंजी घाबरून बैलांच्या समोर धावले आणि तेही ओरडत होते, त्यामुळे जनावरं पुरती बिथरली. त्यांनी दांडकं उचलून एका बैलाच्या तोंडावर असं हाणलं की रक्ताची चिळकांडी उडाली. ज्यांच्या पाठीवर कधी वळ उठू दिला नाही, त्या बैलाला ते वेड्यासारखे मारत होते. चुलवणाला जाळ घालणारा गडी कुऱ्हाड घेऊन आला आणि मला म्हणाला, "वैनी, वरडू नगा! गप ऱ्हावा! तुमच्या आवाजावर बैल पळत्यात!"

मी पदराचा बोळा दातात धरला. माझा हात चिरडला जात असताना मी आवाज बंद केला, तेव्हा बैल थबकले, आणि त्या गड्यानं कुऱ्हाडीनं त्यांच्या जुपण्या तोडल्या. लाटा मनगटापाशी कड्यावर येऊन अडल्या होत्या. कडं चेपून हातात रुतलं होतं, पण तुटलं नव्हतं. मग गड्यांनी दांडा उलटा ढकलला आणि तोच हात त्याच लाटांतून पुन्हा बाहेर आला. त्या वेळी मात्र मला ओरडायची मुभा होती.

आत्याबाई धावत आल्या. त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग कड्याकडे. "आईनं हात राखला गं माझ्या सुनंचा," म्हणून त्यांनी तिथंच जमिनीला डोकं टेकलं. त्यांचं एका अर्थी खरंच होतं. कडं नसतं तर लाटा खांद्यापर्यंत आल्या असत्या.

दवाखान्याचं दार

हळद दाबली, लुगड्याच्या पट्ट्या बांधल्या आणि बैलगाडीतून सडकेवर आणलं. तिथं इस्माईलभाईंची सांगलीची मोटार मिळाली. पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून तेव्हा मोटारी कोळशाच्या धुरावर चालायच्या आणि चढ आला की धापा टाकायच्या. भाईंनी मला बघितलं आणि पुढची बाकं रिकामी करवून घेतली. वाटेत कुणी हात केला तरी गाडी थांबवली नाही. एक सावकार आतूनच कुरकुरला, त्याला भाई म्हणाले, "उतरायचं तर चालत्या गाडीतनं उतरा." कृष्णेचा पूल लागला तेव्हा मागं वळून ते म्हणाले, "आली बघ सांगली, बहिणी. आता काळजी न्हाई. आता तू डॉक्टरची."

मला ते वाक्य अजून आठवतं.

दवाखान्याचे मोठे डॉक्टर त्या दिवशी नव्हते, एका बड्या घरच्या आजाऱ्याला बघायला औंधाकडे गेले होते. होते ते धाकटे डॉक्टर. नुकतेच शिकून आलेले, मिसरूड कोवळं, पण हात चलाख. त्यांनी पट्ट्या सोडल्या, बघितलं आणि लगेच म्हणाले, "तीन बोटं गेली. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट राहील. पण आधी हे कडं कापायला हवं. हात सुजतोय, कड्याच्या खाली रक्तच जात नाही. रूथबाई, करवत आणा."

परिचारिका रूथबाईंनी बारीक करवत आणली. ती त्यांनी कड्याला लावली मात्र, आत्याबाईंनी त्यांचं मनगट पकडलं.

"त्येला हात लावायचा न्हाई."

"आजी, हात जाईल हिचा."

"आन् माझा ल्योक? त्यो तिकडं गोळ्यांत उबा हाय. हितं कडं तुटलं का तितं त्येला गोळी लागंल. तुमी देणार का मला ल्योक परत?" असं म्हणून त्या माझ्या अंगावर आडव्या पडल्या. डॉक्टरांनी त्यांना दूर करायचा प्रयत्न केला, तर आत्याबाईंनी त्यांच्या हाताला चावा घेतला. अगदी रक्त येईपर्यंत.

डॉक्टर मामंजींकडे वळले. "तुम्ही सांगा. तुम्ही घरातले मोठे."

मामंजींच्या धोतरावर बैलाचं आणि माझं रक्त होतं. ते खाली बघून म्हणाले, "ती म्हंती तसं करा."

मी शुद्धीवर होते. हे मी पुन्हा लिहिते, कारण पुढं सगळे म्हणाले की मी नव्हते. मी पूर्ण शुद्धीवर होते आणि मी म्हणाले, "कापा."

"तुम्ही बोलू नका, शांत पडून राहा," डॉक्टर म्हणाले.

"कडं कापा. माझा हात हाय."

"वातात बडबडतीया ती," आत्याबाई म्हणाल्या.

आणि त्या शिकलेल्या माणसानं माझ्या सासूवर विश्वास ठेवला! करवत तबकात ठेवली. स्वतःच्या मनगटावरचा चावा पुसला, आणि म्हणाला, "उद्या मोठे डॉक्टर येतील. ते ठरवतील." मला सुई टोचली, वॉर्डात खाट दिली, आणि तो बाजूला झाला. मला दाखल करून घेणारा तोच. दार उघडणारा तोच. आणि निर्णयाच्या वेळी मी एकदम सासूची झाले, सासऱ्याची झाले, यमाईची झाले. डॉक्टरची काही झाले नाही.

वाट बघणं

त्या दुपारबद्दल मी फार लिहिणार नाही. हात आधी लाल होता, मग जांभळा झाला, मग काळा पडू लागला. कड्याच्या वरचं मांस फुगून कड्यावर आलं. रूथबाई डॉक्टरांना बोलावून आणायच्या, ते नख दाबून बघायचे आणि नजर चुकवून "बघू" म्हणायचे. मी शिव्या दिल्या. मास्तरांच्या मुलीला येऊ नयेत त्या सगळ्या दिल्या. शेजारच्या खाटेवरच्या बाळंतिणीनं मुलाचे कान झाकले. आत्याबाई माझ्या उशाशी बसून माझ्या तोंडात चमच्यानं पाणी घालत होत्या आणि दुसऱ्या हातानं कडं घट्ट धरून होत्या. दोन्ही हात एकाच बाईचे होते, आणि मला ते दोन्ही तोडून टाकावेसे वाटत होते.

दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर आले. टोपीसुद्धा काढली नव्हती. वासानंच ते माझ्या खाटेकडे वळले. चादर उचलली आणि धाकट्याकडे न बघताच विचारलं, "हिला घेतलं कुणी?"

"मी, सर. नातेवाइकांनी परवानगी दिली नाही."

मोठ्या डॉक्टरांनी शेजारचं तबक असं उडवलं की कात्र्या, चिमटे वॉर्डभर खणखणत गेले. "कसली परवानगी? कडं कापायला? रुग्ण दारातून आत आला की तो तुझा! बाहेर सासू असेल, सासरा असेल, लाटसाहेब असेल. आत तू आहेस! तुला चावली म्हणून हिचा हात सोडून दिलास?" धाकट्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मला वाटलं आता हे मारतात त्याला. मारावं, असंही वाटलं.

मग ते खाली वाकले आणि मला, मला विचारलं, "बाई, हात कोपराखाली काढावा लागेल. नाही काढला तर तुम्ही वाचणार नाही. काढू?"

मी म्हणाले, "काल कडं कापा म्हटलं तवा कुठं होता?"

त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "मीही चुकलो," म्हणाले. "कुणासाठी थांबायचं नाही, हे याला सांगून जायला हवं होतं."

"कापा," मी म्हणाले.

आत्याबाई खाटेला धरून उभ्या होत्या. त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "वरनं कापणार न्हवं? कड्याच्या वरनं?"

"हो."

"मग कापा. कडं तेवढं मोडू नगा."

मोठे डॉक्टर त्यांच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी आत्याबाईंना दंडाला धरून वॉर्डाबाहेर काढलं आणि दार लावून घेतलं.

नसलेला हात

शुद्धीवर आले तेव्हा उजवीकडे पट्ट्यांचा गठ्ठा होता. आत्याबाईंनी ते कडं मागून घेतलं होतं, धुतलं होतं आणि कनवटीला लावलं होतं. "कडं शाबूत हाय बघ," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि त्या खरंच मला दिलासा देत होत्या.

हे ज्यांच्या वाट्याला येईल त्यांना सांगते, गेलेला हात दुखतो. घाबरू नका, वेड लागलेलं नसतं. माझी नसलेली बोटं रोज चरकात जायची. मी किंचाळून उठायचे आणि उठताक्षणी पदराचा बोळा तोंडात कोंबायचे, बैल पळतील म्हणून. रूथबाई तो बोळा काढून घ्यायच्या. "ओरडा हो," म्हणायच्या. "इथे बैल नाहीत." त्या माझी वेणी घालायच्या, आणि घट्ट घालायच्या. इतक्या लहान गोष्टीचं इतकं सुख होतं, हे मला तिथं कळलं.

जखम धुवायला रोज धाकटे डॉक्टर स्वतः यायचे. एकदा धुता धुता म्हणाले, "माझं चुकलं. तुम्ही सांगत होता आणि मी ऐकलं नाही. बोटं वाचली असती." मी डाव्या हातानं औषधाच्या पाण्याचं भांडं उचललं आणि त्यांच्या तोंडावर फेकलं. भांडं कपाळाला लागलं, खोक पडली. डाव्या हातानं नेम धरून केलेलं ते माझं पहिलं काम. त्यांनी कपाळावर कापूस दाबला आणि दुसऱ्या हातानं माझी पट्टी बांधून पुरी केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. मी त्यांना क्षमा केली नाही, पण त्या दिवसापासून त्यांच्या हातून पट्टी बांधून घ्यायला मला भीती वाटेनाशी झाली.

घरी आल्यावर सगळ्यात वाईट काय वाटलं सांगू? भाकरी. एका हातानं भाकरी थापता येत नाही. पिठाची परात मी भिंतीवर फेकली. आत्याबाईंनी निमूट पीठ गोळा केलं, चाळलं आणि भाकऱ्या केल्या. पहिली मला वाढली. आम्ही एकमेकींशी कामापुरतंच बोलायचो. मामंजींनी बैल विकून टाकले. लोक म्हणत, एवढे शिकवलेले बैल कशाला विकता?

ताईत

लढाई संपली आणि मालक परत आले. मांडीत लोखंडाचा तुकडा शिरल्यामुळे किंचित लंगडत होते, बाकी धडधाकट. माझी रिकामी बाही बघून ते उंबऱ्यातच खाली बसले. त्यांना पत्रातून कुणी काही कळवलं नव्हतं. मीच कळवू दिलं नव्हतं.

आत्याबाईंनी कनवटीचं कडं काढून त्यांच्यापुढं ठेवलं. "मोडू दिलं न्हाई बाबा मी. म्हून तू आलास."

मालकांनी कडं उचललं नाही. गळ्याला हात लावून म्हणाले, "आये, तू बांधलेला ताईत कुटं हाय इचार की."

आत्याबाईंनी बघितलं. गळा मोकळा होता.

"इटलीत मी पडलो तवा डाक्टरनं पैल्यांदा त्योच कापला. कातरीनं. रक्तात भिजून गळ्याला आवळत व्हता. कुनाला इचारलं न्हाई, मलाबी न्हाई. काढून टाकला आन् मला वाचिवलं." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "हिला कुनी वाचिवलं, आये?"

आत्याबाईंनी कडं उचललं आणि त्या आत गेल्या. त्यानंतर ते कडं घरात मला कधी दिसलं नाही. कुठं गेलं मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

आत्याबाईंचा हात

मागच्या पावसाळ्यात वैरणीच्या गंजीतून पेंडी ओढताना आत्याबाईंच्या बोटाला साप चावला. मालक परगावी होते. मामंजी आणि मी त्यांना घेऊन सांगलीला पोचलो तोवर हात कोपरापर्यंत सुजून टम्म झाला होता. दार तेच. आतले डॉक्टरही तेच, धाकटे, आता काही धाकटे राहिले नव्हते. कपाळावर माझी खूण होती. त्यांनी मला ओळखलं, पण आधी हात बघितला. हिरव्या बांगड्या मांसात रुतल्या होत्या. चुडा भरल्यापासून सवाष्णीच्या त्या हातानं रितेपण पाहिलं नव्हतं.

माझ्या मनात काय आलं ते लिहिते. म्हणावं, थांबा डॉक्टर, हिचा नवरा जिवंत आहे, उद्या बघू. एवढंच म्हणावं आणि भिंतीला टेकून बसावं. जिभेवर आलं होतं.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं नाही, मामंजींकडेही नाही. ते आत्याबाईंच्या कानाशी वाकले. "आजी, मी विषावरची सुई देतोय. पण बांगड्या आत्ताच काढायला हव्यात, नाहीतर हात जाईल. ऐकू येतंय? काढू?"

आत्याबाईंनी सवयीनं मामंजींकडे मान वळवली. "ह्यास्नी..." एवढंच म्हणाल्या. मामंजी भिंतीकडे तोंड करून उभे होते. मग आत्याबाईंची नजर माझ्यावर आली. आधी माझ्या तोंडावर, मग रिकाम्या बाहीवर.

मी म्हणाले, "आत्याबाई, हात तुमचा हाय. तुमीच सांगायचं."

"फोड," त्या म्हणाल्या. डॉक्टरांना नाही, मला. "तूच फोड."

डॉक्टरांनी जाड कापडाची घडी बांगड्यांखाली सारली, त्यांचा हात धरून ठेवला आणि खलाचा पितळी बत्ता माझ्या डाव्या हातात दिला. मी तो उचलला आणि जिवंत नवऱ्यासमोर त्याच्या बायकोच्या बांगड्या फोडल्या. एकेक करून, सगळ्या. काचा माझ्या तोंडावर उडाल्या. मी ओरडत होते, काय ओरडत होते ते आठवत नाही. आत्याबाईंनी एकदाही डोळे मिटले नाहीत.

त्यांचा हात वाचला. दोन बोटं थोडी आखडलेली आहेत, पण भाकरी थापता येते. पहिली अजून त्या मलाच वाढतात.